स्वादुपिंडाचा कर्करोग घराण्यात असेल तर दरवर्षीची तपासणी कोणी, कधीपासून आणि कशी करावी?

वारणाकाठ

नमस्कार. हा धागा काढताना मनावर ओझे आहे, तरीही जे घडले ते क्रमाने लिहितो.

माझी आत्या २०१३ साली वयाच्या ६१ व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेली. बाबांना तोच आजार २०२१ मध्ये झाला, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. कावीळ झाली म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा आजार यकृतात पोचलेला होता. त्यानंतर ते सात महिने जगले. दोन्ही वेळा आम्ही दैवाला दोष दिला आणि दोन्ही मृत्यूंमध्ये काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत असतो. या वर्षीच्या आरोग्य तपासणीत त्याने घराण्याचा हा इतिहास सांगितला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याला थेट जनुकीय समुपदेशकाकडे पाठवले आणि रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकात बिघाड आढळला. दादा ५३ वर्षांचा आहे. त्याची आता दरवर्षी एमआरआय किंवा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी होणार आहे. मी ४९ वर्षांचा आहे, सांगलीत राहतो आणि मला आज कोणताही त्रास नाही. आई ७४ वर्षांची असून तब्येतीने ठणठणीत आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अशी तपासणी कोणासाठी असते, तिने खरोखर जीव वाचतो का, आणि मी उद्या सकाळी उठून एमआरआय सेंटरची वेळ घ्यावी का?

एक सल मात्र जात नाही. बाबा एका मोठ्या रुग्णालयात कित्येक आठवडे होते आणि रोज त्यांचे रक्त काढले जात होते. बहीण याच आजाराने गेली आहे हे आम्ही सांगितलेले असूनही त्यातली एक नळी जनुकीय तपासणीला पाठवा, असे कोणीही सुचवले नाही. सर्व रुग्णांची अशी तपासणी करण्याची शिफारस तोपर्यंत छापून आलेली होती, हे आम्हाला दादाच्या समुपदेशकांकडून आत्ता कळले.

वंशवेल

वारणाकाठ, तुमच्या घरातल्या दोन्ही मृत्यूंबद्दल वाचून वाईट वाटले. मी जनुकीय समुपदेशनाच्या कामात आहे, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. उद्या सकाळी एमआरआयची वेळ घेऊ नका. त्याआधी आईंच्या रक्ताची तपासणी करून घ्या.

हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण आजार तुमच्या वडिलांच्या बाजूला आहे. पण दादांना जो बिघाड मिळाला तो वडिलांकडूनच आला आहे, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. बाप-लेक आणि आत्या असा वेल पाहता तीच शक्यता मोठी आहे, तरीही बीआरसीए-२ मधला बिघाड आईकडूनही येऊ शकतो आणि तसे झाले असेल तर वडिलांच्या बाजूच्या दोन कर्करोगांचे कारण दुसरेच काहीतरी ठरते. वडिलांचे रक्त उपलब्ध असते तर हा प्रश्न एका अहवालात सुटला असता. म्हणूनच तुमची सल योग्य आहे असे मला वाटते, आणि हा धागा वाचणाऱ्या ज्यांच्या घरात आज रुग्ण हयात आहे त्यांनी हे वाक्य विसरू नये. जनुकीय तपासणी शक्यतो आधी रुग्णाची करायची असते, निरोगी नातेवाइकांची नंतर. अमेरिकेतल्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वादुपिंडाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला, घराण्याचा इतिहास असो वा नसो, ही तपासणी सुचवावी असे २०१८-१९ पासून म्हटले आहे. त्याचा फायदा रुग्णालाही होतो, कारण बीआरसीएमधला बिघाड सापडल्यास औषधांची निवड बदलू शकते.

आता तुमच्यापुरते पाहू. आईंमध्ये दादांचा बिघाड नसेल, तर तो बाबांकडून आला असे समजता येईल. मग तुमची तपासणी अगदी सोपी होते, कारण संपूर्ण जनुकसंच वाचण्याची गरज नसते आणि नेमकी तीच एक जागा तपासायची असते. दादांच्या अहवालाची पूर्ण प्रत प्रयोगशाळेला द्या, तोंडी माहितीवर जाऊ नका. तुमच्यात तो बिघाड नसेल तर घराण्यामुळे वाढलेला धोका तुमच्या वाट्याला आलेला नाही असे धरले जाते आणि दरवर्षीच्या तपासणीचे कारण उरत नाही. असेल, तर तुमचा एक सख्खा नातेवाईक आजारी पडलेला असल्याने तुम्ही तपासणीच्या निकषात बसता.

याउलट बिघाड आईंकडे निघाला, तर तुमचा अहवाल निर्दोष आला तरी तुम्ही मोकळे होत नाही. एकमेकांचे सख्खे असलेले दोन नातेवाईक आजारी आणि त्यांतला एक तुमचा जन्मदाता, एवढ्यावरच तुम्ही ‘कौटुंबिक’ गटात येता. सारखाच निर्दोष अहवाल, पण अर्थ पूर्ण वेगळा. आईंच्या एका नळी रक्तावर हे अवलंबून आहे.

दादांना मुलगी असेल तर तिच्यासाठी आणखी एक सूचना. बीआरसीए-२ चा मोठा धोका स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा असतो, पुरुषांत प्रोस्टेटचा. स्वादुपिंडाच्या चिंतेत हे मागे पडू देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलांची तपासणी मात्र करू नये.

दुर्बीण

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि एंडोसोनोग्राफी हे माझे रोजचे काम आहे. वंशवेल यांनी पाया अचूक मांडला आहे, मी तपासणीबद्दल लिहितो.

सर्वसामान्य माणसाने स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी चाळणी तपासणी करून घेऊ नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००४ मध्ये केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. त्या शिफारशीतून जे लोक स्पष्टपणे वगळले आहेत, ते म्हणजे आनुवंशिक किंवा कौटुंबिक मोठा धोका असलेले. त्यांच्यासाठी बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून सुरू झालेल्या ‘कॅप्स’ या संशोधन प्रकल्पातून पुढे एक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट उभा राहिला. त्या गटाच्या शिफारशी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि २०२० मध्ये सुधारण्यात आल्या.

त्यानुसार आतड्यातले पॉलिप आणि ओठांवरचे काळे ठिपके ज्यात दिसतात त्या प्यूट्झ-येगर्स विकारात, तसेच सीडीकेएन-२-ए या जनुकाच्या बिघाडात, घराण्यात कोणी आजारी नसले तरी ४० व्या वर्षापासून तपासणी सुरू करतात. बीआरसीए-२, एटीएम, पीएएलबी-२ यांसारख्या जनुकांच्या बाबतीत किमान एक सख्खा नातेवाईक आजारी असल्यास ४५ ते ५० व्या वर्षापासून. जनुकीय कारण न सापडलेल्या कौटुंबिक गटात ५० किंवा ५५ पासून. नातेवाइकाला आजार फार लहान वयात झाला असेल तर त्याच्या वयाच्या १० वर्षे आधी. बीआरसीएच्या बाबतीत सख्ख्या नातेवाइकाची अट नको, असेही अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेने २०२२ मध्ये सुचवले आहे, म्हणजे या निकषांवर अजून पूर्ण एकमत नाही.

साधन दोन प्रकारचे. एमआरआय आणि त्याच बैठकीत नलिकांचे चित्र देणारी एमआरसीपी, हे एक. दुसरे एंडोसोनोग्राफी, ज्यात गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण जठरापर्यंत नेतात आणि तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने स्वादुपिंड अगदी शेजारून पाहतात. पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी इथे उपयोगी पडत नाही, कारण स्वादुपिंड जठराच्या मागे खोल असते आणि आतड्यातला वायू वाट अडवतो. बाबांची कावीळ होईपर्यंत काही कळले नाही, याचेही कारण हीच खोली आहे. कॅप्सच्या २०१२ च्या अहवालात लक्षणे नसलेल्या २२५ उच्च-धोका व्यक्तींच्या तिन्ही तपासण्या केल्या होत्या. सीटी स्कॅनने ११ टक्के लोकांत काहीतरी विकृती दाखवली, एमआरआयने ३३ टक्के आणि एंडोसोनोग्राफीने ४२ टक्के लोकांत. सीटी मागे पडण्याला दरवर्षीच्या किरणोत्साराचेही कारण आहे. पहिल्या वर्षी शक्य तर दोन्ही तपासण्या आणि त्यानंतर आलटूनपालटून एक, अशी पद्धत बहुतेक केंद्रांत आहे. लहान द्रवगाठी एमआरआयमध्ये चांगल्या दिसतात, तर लहान घन गाठ एंडोसोनोग्राफीत, म्हणून ही अदलाबदल. सोबत मधुमेहासाठी रक्ताची तपासणी, म्हणजे उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए-१सी.

वरच्या ४२ टक्क्यांनी घाबरू नका. त्यांतल्या बहुसंख्य विकृती म्हणजे काही मिलिमीटरच्या द्रवगाठी होत्या, कर्करोग नव्हेत. खरी अडचण उलट बाजूची आहे. या कर्करोगाचा सर्वांत सामान्य पूर्वटप्पा सूक्ष्म नलिकांच्या अस्तरात घडतो आणि तो कोणत्याही चित्रणात थेट दिसत नाही. त्यामुळे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गाठ तयार होऊन त्रास सुरू झाल्याची उदाहरणे उत्तम केंद्रांतही आहेत.

गणनाधिकारी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. संख्याशास्त्र शिकवतो आणि ‘जीव वाचतो का’ या प्रश्नाकडे त्याच अंगाने पाहतो.

कॅप्सचे निकाल २०२२ मध्ये आले, ते प्रथम पाहू. प्रकल्पाच्या पाचव्या टप्प्यातल्या १,४६१ व्यक्तींपैकी १० जणांना कर्करोग झाला. त्यांतले ९ नियमित तपासणीत सापडले आणि त्या ९ पैकी ७ जणांचा कर्करोग पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरुवातीच्या अवस्थेत होता. प्रकल्पाचे आधीचे टप्पे धरून एकूण १,७३१ जणांत, तपासणीत सापडलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान निदानानंतर ९.८ वर्षे आणि ज्यांनी तपासण्या सोडून दिल्या होत्या त्यांचे १.५ वर्षे. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण दोन गोष्टी मनात ठेवाव्यात.

गाठ दोन वर्षे आधी दिसली आणि मृत्यू त्याच तारखेला आला, तरीही ‘निदानानंतरचे आयुष्य’ दोन वर्षांनी वाढलेले दिसते. शिवाय हळू वाढणारी गाठ वार्षिक तपासणीत सापडण्याची शक्यता जास्त असते आणि झपाट्याने वाढणारी मध्येच निसटते. म्हणून आयुर्मानाच्या तुलनेपेक्षा किती जण पहिल्या अवस्थेत सापडले हे मला अधिक विश्वासार्ह वाटते. २०२४ च्या एका तुलनात्मक अभ्यासात तपासणी कार्यक्रमातल्या २६ रुग्णांपैकी ३८.५ टक्के पहिल्या अवस्थेत होते, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींतल्या जुळत्या रुग्णांत हेच प्रमाण १०.३ टक्के होते. त्या अभ्यासात आगाऊ निदानामुळे येणारा फरक वजा करून पाहिला तरी फायदा टिकला. तरीही लोकांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केलेला अभ्यास उपलब्ध नाही, आणि इतक्या मोठ्या धोक्याच्या लोकांना ‘तुम्ही तपासणीविना राहा’ असे सांगणे कोणाला शक्य होईल असे वाटत नाही.

दुसरे निकाल नेदरलँड्सचे. लायडनच्या आसपासच्या अनेक घराण्यांत सीडीकेएन-२-ए चा एकच जुना बिघाड पिढ्यानपिढ्या उतरला आहे. तिथे ३४७ वाहकांची नियमित तपासणी झाली आणि ३१ जणांना कर्करोग आढळला, म्हणजे दर ११ माणसांमागे एक. त्यांतल्या बहुतेक गाठी शस्त्रक्रियेने काढता आल्या आणि पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास राहिले. याउलट एका वेगळ्या डच अभ्यासात ३६६ जणांचा साधारण पाच वर्षे पाठपुरावा झाला. त्यात जनुकीय बिघाड न सापडलेले, केवळ घराण्याच्या इतिहासामुळे आलेले २०१ लोक होते आणि त्यांच्यातल्या एकालाही कर्करोग झाला नाही. वंशवेल यांनी जनुकीय तपासणीला पहिले स्थान का दिले, हे या दोन अभ्यासांवरून दिसते. मशीन तेच असते, पण तुमचा मूळ धोका किती त्यावर त्याच्या अहवालाची किंमत ठरते.

आणि हानीही मोजली पाहिजे. कॅप्सच्या पाचव्या टप्प्यात संशयास्पद गाठीसाठी आणखी ८ जणांची शस्त्रक्रिया झाली. तिघांत कर्करोगाच्या उंबरठ्यावरची विकृती निघाली, पण पाच जणांत किरकोळ विकृती होती. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया ही पोटातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांपैकी आहे, आणि त्या पाच जणांनी ती सोसली.

सोनचाफा

माझे आजोबा ८२ व्या वर्षी या आजाराने गेले. इतर कोणाला काही नाही. माझे वय ३८. शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या ‘कर्करोग पॅकेज’मध्ये सीए १९-९ नावाची रक्ततपासणी आहे. ती करून घेतली तर मन शांत होईल असे वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

दुर्बीण

सोनचाफा, करू नका. ही तपासणी आजाराचे निदान झाल्यावर उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी उपयोगी आहे, निरोगी माणसात आजार शोधण्यासाठी नव्हे. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी तिचा आकडा वाढतो. उलट, साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा घटक जन्मतःच तयार होत नाही, त्यामुळे त्यांच्यात कर्करोग असूनही तो वाढत नाही. भारतात या कर्करोगाचे प्रमाण एक लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम एक-दोन आहे. एखादी तपासणी शंभरात एकदाच चुकत असली, तरी एक-दोन खऱ्या रुग्णांसाठी हजार निरोगी लोकांच्या मागे भीती आणि स्कॅन लागतील. आजोबांचे वय आणि एकटी घटना पाहता तुम्ही उच्च-धोका गटात येत नाही. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर सोडा, आणि पन्नाशीनंतर वजन उतरत असताना अचानक मधुमेह उद्भवला तर तो नेहमीचा मधुमेह समजून स्वस्थ बसू नका.

हडसनकाठ

वारणाकाठ, तुमचे दादा राहतात त्याच भागात मीही राहते. माझी आई आणि मामा या आजाराने गेले, माझ्यात पीएएलबी-२ चा बिघाड आहे आणि यंदा माझे तपासणीचे सहावे वर्ष आहे. आकड्यांत जे येत नाही ते लिहिते, म्हणजे दादांना सांगता येईल.

एमआरआयसाठी काही तास उपाशी राहावे लागते. बोगद्यात साधारण पाऊण तास पडून राहायचे, शिरेतून औषध टोचतात आणि सतत ‘श्वास रोखा, सोडा’ अशा सूचना येतात. श्वास नीट रोखला नाही तर चित्र पुसट येते, म्हणून मी घरी सराव करून जाते. एंडोसोनोग्राफीच्या दिवशी गुंगी असल्यामुळे गाडी चालवता येत नाही, कोणीतरी सोबत हवेच. शारीरिक त्रास एवढाच.

मनाचा त्रास त्याआधीच्या पंधरा दिवसांत असतो. तिसऱ्या वर्षी माझ्या अहवालात ५ मिलिमीटरची द्रवगाठ आली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. ते सहा महिने मी आईचे शेवटचे दिवस पुन्हा पुन्हा पाहिले. गाठ तेवढीच राहिली आणि आजही तेवढीच आहे. तेव्हापासून मी एक नियम पाळते, की अहवाल संकेतस्थळावर आधी स्वतः उघडायचा नाही, डॉक्टरांसमोरच वाचायचा. तपासणी जिथे होते तिथेच शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि पोटविकारतज्ज्ञ एकत्र बसून चित्रे पाहतात, याचा मला सर्वांत मोठा आधार वाटतो. सुट्या सुट्या सेंटरमध्ये स्कॅन करून फायली गोळा करण्यात तो आधार मिळणार नाही.

विम्याबद्दल थोडेसे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभाव करता येत नाही, पण आयुर्विम्याला तो कायदा लागू नाही. दादांनी याचा विचार करावा. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्य विम्यातून जनुकीय विकार सरसकट वगळण्याच्या अटीविरुद्ध निकाल दिला होता, तो वाचून ठेवा.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढून चार महिने झाले, पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

आईला समजावणे सर्वांत कठीण गेले. “माझ्यामुळे पोरांना काही झालं का?” हा तिचा पहिला प्रश्न होता. पुण्यातल्या समुपदेशकांनी तिला कागदावर वेल काढून दाखवली आणि बिघाड कोणी कोणाला मुद्दाम देत नाही, प्रत्येक मुलाच्या बाबतीत तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे सावकाश सांगितले. तिचा अहवाल निर्दोष आला. म्हणजे दादाचा बिघाड बाबांकडूनच आला होता.

नंतर माझी तपासणी झाली. माझ्यात तो बिघाड नाही. मला दरवर्षीच्या एमआरआयची गरज नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. चार महिन्यांपूर्वी मी थेट सेंटरला गेलो असतो, तर कदाचित एखादी निरुपद्रवी द्रवगाठ सापडून आज तिच्या मागे धावत असतो. दादाच्या दोन्ही तपासण्या झाल्या, स्वादुपिंड स्वच्छ आहे. त्याची मुलगी २६ वर्षांची आहे आणि तिने स्वतःची वेळ स्वतः घेतली.

समुपदेशकांनी वेलीवर बोट ठेवून विचारले, “तुमच्या आत्याच्या मुलांना हे माहीत आहे का?” आम्ही चौघे इतके महिने आमच्याच घरात अडकलो होतो, तो विचार कोणालाच सुचला नव्हता. जमिनीच्या वादावरून त्यांच्याशी आठ वर्षे बोलणे नव्हते. मी दादाच्या अहवालाची प्रत घेऊन कोल्हापूरला गेलो. आतेबहिणीचा अहवाल निर्दोष आहे. आतेभाऊ ४७ वर्षांचा आहे, त्याच्यात तोच बिघाड निघाला. त्याच्या दोन्ही तपासण्या पुढच्या मंगळवारी पुण्यात आहेत आणि एंडोसोनोग्राफीनंतर त्याला गाडी चालवता येणार नाही, म्हणून मी सोबत जातो आहे.